मिनेट डी सिल्वा: बावांच्या आधी कँडीत काय घडलं होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कॉलेजात ट्रॉपिकल मॉडर्निझम, म्हणजे उष्ण कटिबंधातली आधुनिक वास्तुकला म्हटलं की श्रीलंकेचे जेफ्री बावा, आणि तिथूनच सुरुवात. चौक, उतरती कौलं, बागेत मिसळलेलं घर हे सगळं खरंच त्यांच्यापासून सुरू झालं का? त्यांच्या आधी कुणी होतं का, त्यात एखादी स्त्री होती का, आणि असली तर शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला पुरेल इतकं तिचं काम आहे का?"

होती. मिनेट डी सिल्वा. जन्म १९१८, श्रीलंकेतलं कँडी. बावा १९५७ मध्ये लंडनहून आर्किटेक्ट होऊन कोलंबोत कामाला लागले, तेव्हा मिनेटबाईंच्या प्रॅक्टिसला आठेक वर्षं झाली होती. कँडीच्या डोंगरउतारावरचं एक घर, कोलंबोतलं खांबांवर उचललेलं दुसरं घर, अशा घरांत माणसं राहायला लागलेली होती आणि कँडीजवळ दोनशेहून जास्त घरांच्या वसाहतीचं काम चालू होतं. तेव्हा आधीच्या प्रश्नांचं उत्तर सरळ आहे. शेवटच्या, प्रबंधाच्या प्रश्नासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण बाईंवर लिहिणारे बहुतेक जण तिथेच अडतात. "श्रीलंकेतली पहिली स्त्री आर्किटेक्ट" एवढ्याच मुद्द्यावर प्रबंध उभा केलात तर तो दहा पानांत संपेल. त्यांनी नवीन काय केलं ते प्लॅनमध्ये आहे, सेक्शनमध्ये (इमारतीच्या उभ्या छेदात) आहे, आणि त्याहून जास्त कारागिरांशी आणि राहणाऱ्या माणसांशी त्यांनी जो व्यवहार केला त्यात आहे.

आधी मुंबईबद्दल, कारण ही बाजू आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, तेव्हा वास्तुकला शिकण्याची सोय नव्हती, म्हणून मिनेटबाई मुंबईला आल्या. घर राजकारणातलं. वडील जॉर्ज डी सिल्वा तिथले मोठे पुढारी, आणि आई ॲग्नेस नेल मताधिकाराच्या चळवळीतली. सिलोनमध्ये १९३१ सालीच स्त्रियांसकट सगळ्या प्रौढांना मत मिळालं, त्यामागे ज्या बायका होत्या त्यांतली ती एक. मुंबईत मिनेटबाईंनी मिस्त्री अँड भेडवार यांच्या ऑफिसात उमेदवारी केली. तिथे पेरिन मिस्त्री होत्या, १९३६ मध्ये जे.जे.मधून आर्किटेक्चरचा डिप्लोमा घेतलेल्या. (त्यांच्यावरही कुणीतरी नीट काम करायला हवं, पण तो वेगळा विषय.) ऑफिस सांभाळून जी. बी. म्हात्र्यांच्या खासगी वर्गालाही मिनेटबाई जायच्या. हे म्हात्रे म्हणजे ओव्हल मैदानासमोरच्या एम्प्रेस कोर्टचे म्हात्रे. आरसीसीची चौकट, पावसाचा मारा अडवणारे छज्जे, वाऱ्याकडे तोंड करून काढलेल्या बाल्कन्या हे सगळं मुंबईत त्या काळी रोज नव्याने बांधलं जात होतं. मिनेटबाईंचा आधुनिकतेशी पहिला संबंध आला तो असा, घामाच्या आणि पावसाच्या शहरात. पॅरिस आणि लंडन त्यांना नंतर भेटलं. त्यांचं काम बघताना हा क्रम विसरू नका.

पुढे त्यांनी सरकारी वास्तुशाळेत, म्हणजे जे.जे.त प्रवेश घेतला. 'भारत छोडो'नंतर गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात त्या सामील झाल्या. माफीपत्र लिहून द्या असं सांगण्यात आलं, त्यांनी दिलं नाही, आणि त्यांना काढून टाकलं. तिथून त्या बंगळूरला ऑटो कोनिग्सबर्गर यांच्याकडे गेल्या. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेला हा माणूस म्हैसूर संस्थानात मुख्य आर्किटेक्ट होता, आणि टाटांच्या जमशेदपूरसाठी कारखान्यात सुटे भाग करून जोडायच्या घरांवर त्याच्या ऑफिसात काम चाललं होतं. १९४६ मध्ये मुंबईत 'मार्ग' हे कला आणि वास्तुकलेचं नियतकालिक निघालं, त्याच्या स्थापनेत लेखक मुल्कराज आनंद यांच्याबरोबर मिनेटबाई आणि त्यांची बहीण अनिल यांची नावं आहेत.

लंडनचा भाग मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो, कारण बाकी सगळीकडे तोच लांबवलेला सापडतो. १९४५ ते ४८ त्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये शिकल्या. १९४७ मध्ये ब्रिजवॉटरला आधुनिक वास्तुरचनाकारांची जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली तिला हजर राहिल्या. १९४८ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सच्या असोसिएट झालेल्या त्या पहिल्या आशियाई स्त्री. युरोपातल्या आधुनिक वास्तुकलेचे मोठे आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांच्याशी मैत्री जमली आणि ती पत्रांतून पुढे टिकली. या मैत्रीचे, त्यांच्या साडीचे आणि केसांतल्या फुलांचे फोटो इतके छापले गेले की इमारतींच्या फोटोंना जागा उरली नाही. तुमच्या प्रबंधात त्या मैत्रीला एक परिच्छेद पुरे.

१९४९ मध्ये त्या कँडीला परतल्या आणि आईवडिलांच्या घरातच ऑफिस मांडलं. देश नुकता स्वतंत्र झालेला. पहिलं मोठं काम मिळालं ते कुटुंबाच्या स्नेह्यांचं, करुणारत्ने यांचं घर, १९४९ ते ५१. त्या देशात एका स्त्रीने डिझाइन केलेलं हे पहिलं घर मानतात. साइट कँडीच्या टेकडीवर, तीव्र उताराची.

डोंगरउतारावर बांधलेल्यांना हे ठाऊक आहे की पहिला मोह जेसीबी लावून जमीन सपाट करण्याचा होतो. त्या काळी जेसीबी नव्हता पण मोह तोच होता, फक्त मजूर जास्त लागायचे. मग सपाट केलेल्या जागेवर शहरातला बंगला आणून ठेवायचा आणि मागच्या बाजूला माती अडवणारी उंच रिटेनिंग वॉल घालून दर पावसाळ्यात तिच्याकडे डोळे लावून बसायचं. बाईंनी घरच उताराबरोबर खाली उतरवलं. अर्ध्या अर्ध्या मजल्याच्या फरकाने खोल्या बसवल्या, म्हणजे एका पातळीवरून दुसरीकडे बघता येतं, आणि वारा वर-खाली फिरतो. दगड तिथलाच, ओबडधोबड बांधकामाचा. त्याला जोडून काचेच्या विटा आणि आरसीसी. हे दोन्ही एकाच घरात, एकमेकांची लाज न बाळगता.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या घराच्या दारांत त्यांनी दुंबरा चटया बसवल्या. कँडीजवळच्या दुंबरा खोऱ्यात हाना नावाच्या वनस्पतीचा धागा काढून, रंगवून, मागावर या चटया विणतात, पशुपक्ष्यांच्या आणि भौमितिक नक्षीच्या. भिंतीवर लावायला किंवा अंथरायला वापरायची ही वस्तू. बाईंनी ती लाकडी चौकटीत पॅनेल म्हणून घातली. इतर घरांत भाजलेल्या मातीच्या टाइल्सवर कँडीच्या नर्तकांच्या आकृती उठवून घेतल्या, जिन्याच्या कठड्याचे दांडे लाखकाम करणाऱ्यांकडून रंगवून घेतले. (आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम पाहिलं असेल तर तो तकाकीचा रंग डोळ्यांसमोर येईल.) करुणारत्ने यांच्या दिवाणखान्यात जॉर्ज कीट या श्रीलंकेच्या चित्रकाराचं भित्तिचित्र आहे.

यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. हस्तकला तर आजकाल प्रत्येक रिसॉर्टमध्ये असते. फरक कसा पडतो ते साइटवर कळतं. आपण बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या मापांच्या आणि दरांच्या यादीत, हातकामाची बाब वेगळी लिहितो: अमुक भिंतीवर विणलेलं पॅनेल, तमुक ठिकाणी कोरीव काम. खर्च हाताबाहेर जायला लागला की मालक आणि कॉन्ट्रॅक्टर मिळून पहिली काट मारतात ती याच ओळींवर. आणि ती काट मारल्याने घराचं काही बिघडत नाही, कारण ती वस्तू घराला वरून लावलेली होती. बुरुडांच्या विणकामाचं एक छत माझ्याही हातून असंच गेलं. ते काढलं आणि घर जसंच्या तसं उभं राहिलं. तेव्हापासून मी बाईंची दारं वेगळ्या नजरेने बघतो. तिथे चटई काढली तर दाराला पॅनेलच उरत नाही. दांडा काढला तर जिन्याला कठडा नाही. कारागिराचं काम त्यांनी इमारतीच्या अवयवातच घातलं, आणि त्यामुळे कारागीर गवंडी-सुतारांच्या रांगेत आला, त्याच्या कामाला माप आलं, तारीख आली, दर आला. मागाची रुंदी ठरलेली असते, ती रातोरात बदलत नाही. अशा वेळी दाराच्या चौकटीचा विचार विणकराच्या मापापासून सुरू करावा लागतो. कामाचा हा उलटा क्रम पन्नास सालच्या सुमारास कुणी लावत असेल तर ते मोठं धाडस आहे. कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कँडीच्या कारागिरीची नोंद करून ठेवली होती आणि डी सिल्वांच्या घरातही या कलांचं वारं होतं, पण नोंद करणं किंवा कौतुक करणं वेगळं आणि चालू बांधकामात त्यांना भागीदार करणं वेगळं.

या विचाराला त्यांनी तेव्हाच नाव दिलं होतं: 'मॉडर्न रीजनल आर्किटेक्चर', म्हणजे प्रदेशाची आधुनिक वास्तुकला. १९५०च्या सुमाराचं त्यांचं हे लेखन आहे, आणि कँडीच्या घराबद्दल त्यांनी १९५३ मध्ये 'मार्ग'मध्ये लिहिलं. तुमच्या अभ्यासक्रमात 'क्रिटिकल रीजनॅलिझम' (आधुनिक वास्तुकला प्रदेशाच्या हवा-मातीशी जोडण्याचा विचार) आहे, त्झोनिस आणि लफेव्र यांनी १९८१ मध्ये वापरलेलं आणि १९८३ मध्ये केनेथ फ्रॅम्प्टननी गाजवलेलं. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. तीस वर्षांचं अंतर आहे. पाश्चात्त्य विद्यापीठांत ही कल्पना सिद्धान्त म्हणून मांडली गेली, तोवर कँडीतली ती दारं तीस पावसाळे झेलून झाली होती.

कोलंबोतलं पिअरिस यांचं घर (१९५२ ते ५६) हे पुढचं पाऊल. ॲल्फ्रेड हाउस गार्डन्समध्ये, समुद्रसपाटीचं दमट शहर, वारा मिळवायचा तर उंचीवर. बाईंनी घर खांबांवर उचललं. ल कॉर्ब्युझिएच्या हातात खांबांखालची जागा बहुधा मोटारीसाठी किंवा नुसतीच मोकळी असते. इथे ती बाग झाली, सावलीत बसण्याची जागा झाली, आणि तिला मधला चौक जोडला. या चौकाला सिंहलीत मिदुल म्हणतात आणि आपल्या वाड्यातल्या चौकासारखाच तो घराचा श्वास असतो. खांब युरोपचे, चौक कँडीचा आणि जिन्याच्या कठड्यावर लाख. हे तिन्ही एकमेकांत मुरले आहेत का? माझं मत, जिन्यापाशी पूर्ण मुरले आहेत. त्या जिन्याचा फोटो मिळाला तर नीट पाहा.

याच परिसरात काही वर्षांनी, १९६० ते ६२ मध्ये, बावांनी एना डी सिल्वा यांचं घर बांधलं (मिनेटबाईंशी या एनांचं नातं नाही). चौकाभोवतीचं शहरी घर म्हणून ते जगभर शिकवलं जातं आणि ते आहेही सुंदर. बावांना खाली खेचून मिनेटबाईंना वर चढवायची गरज नाही. बावांच्या हाताला जी सफाई होती, एका जागेतून दुसऱ्या जागेत माणसाला घेऊन जाण्याची, ती मिनेटबाईंच्या सगळ्या घरांत नाही. पण प्रश्न आधी कुणी विचारला हे सांगायलाच हवं. आधुनिक शहरी घरात चौक परत आणता येईल का, हे त्याच वस्तीत बाईंनी आधी करून पाहिलं होतं.

आता वाटापुलुवा. कँडीजवळच्या या वसाहतीवर प्रबंधातलं किमान एक प्रकरण द्या. १९५५ ते ५८, सरकारी नोकरांची सहकारी वसाहत, दोनशेहून जास्त घरं. सिंहली, तमिळ, मुस्लिम, बर्गर (युरोपीय वंशाचे) अशी सगळ्या समाजांची कुटुंबं. अशा कामात साधारण काय होतं ते सांगायला नको: एक टाइप प्लॅन, फार तर दोन, आणि ते ओळीने छापायचे. बाईंनी आधी प्रश्नावली काढली. कुटुंबात माणसं किती, स्वयंपाक कशावर, देवाची किंवा प्रार्थनेची जागा लागते का, पाहुणे कुठे बसतात, परवडतं किती. कुटुंबांबरोबर बैठका घेतल्या. उत्तरांवरून घरांचे मोजके नमुने ठरवले आणि प्रत्येकाला आपापल्या गरजेप्रमाणे त्यात फेरफार करू दिला. रस्ते उताराच्या कलाने नेले, झाडं शक्य तिथे राखली.

आज 'लोकसहभाग' हा शब्द प्रत्येक सरकारी कागदावर असतो. १९५५ मध्ये तो नव्हता. आणि काम किती वाढतं याचा अंदाज घ्या: दोनशे घरं, कॉम्प्युटर नाही, लहानसं ऑफिस, प्रत्येक कुटुंबाच्या बदलाची वेगळी ड्रॉइंग्ज. मुंबईत पुनर्विकासाच्या सोसायट्यांच्या सभांना मी बसलो आहे. तिथे रहिवाशांना विचारलं जातं ते चटईक्षेत्र किती मिळणार एवढंच. चूल कुठे ठेवता हे कुणी विचारत नाही, आणि मग ताबा मिळाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत निम्म्या भिंती फुटतात.

मग एवढं काम असून नाव मागे का पडलं? फक्त "स्त्री होती म्हणून" असं लिहू नका, ते खरं असलं तरी अपुरं आहे. बाईंना साइटवर आणि ऑफिसात मोजलं गेलं नाही याची खंत त्यांनी स्वतः मांडली आहे, तरुण बाई कॉन्ट्रॅक्टरला दगड पुन्हा काढून लावायला सांगते हे १९५० मध्ये कुणाला रुचणारं नव्हतं. पण प्रॅक्टिसच्या बांधणीकडेही पाहा. बावा गेले ते एडवर्ड्स, रीड अँड बेग या जुन्या, घडी बसलेल्या फर्ममध्ये. तिथे भागीदार होते, नंतर पूलोगसुंदरम यांच्यासारखा इंजिनियर जोडीला होता, हिशेब सांभाळणारी माणसं होती. मिनेटबाई एकट्या, कँडीत, घरातच ऑफिस. डेन्मार्कचा उल्रिक प्लेस्नर सिलोनमध्ये आला तो मुळात बाईंकडे काम करायला. वर्षभरात तो बावांकडे गेला आणि त्या दोघांनी मिळून पुढे कितीतरी इमारती केल्या. चांगला साथीदार मिळणं आणि टिकणं हे आमच्या धंद्यात निम्मं काम असतं. एकट्या माणसाचं ऑफिस बंद पडलं की ड्रॉइंग्जचे गठ्ठे कुठे जातात हे मी आजूबाजूला पाहिलं आहे.

दुसरं कारण कामांचं स्वरूप. बावांना हॉटेलं मिळाली, कोट्टेचं संसद भवन मिळालं. ती बघायला जग येतं. बाईंची बहुतेक कामं मध्यमवर्गीयांची आणि स्नेह्यांची घरं. घराचा मालक बदलतो, जमिनीचा भाव वाढतो, घर पडतं. त्यांची अनेक घरं पडली किंवा ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. एना डी सिल्वांचं घर मात्र उतरवून, भाग सांभाळून, बावांच्या लुनुगंगा इस्टेटीत पुन्हा उभं करण्यात आलं. मला त्या जतनाचा आनंद आहे. तेवढीच काळजी मिनेटबाईंच्या वाट्याला आली नाही याचं वाईट वाटतं.

तिसरं, आयुष्यातले खंड. १९६२ मध्ये आई गेली, त्यानंतर काम मंदावलं, प्रवास वाढले. १९७३ मध्ये त्या लंडनला गेल्या. बॅनिस्टर फ्लेचर यांच्या वास्तुकलेच्या इतिहासाच्या १९७५च्या आवृत्तीत दक्षिण आशियाचा भाग त्यांनी लिहिला. म्हणजे जो ग्रंथ कॉलेजच्या लायब्ररीत तुम्ही चाळता त्यात त्यांचा हात आहे. १९७५ ते ७९ हाँगकाँग विद्यापीठात शिकवलं. परत येऊन कँडीत कला केंद्र बांधलं, १९८२ ते ८४. १९९६ मध्ये श्रीलंकेच्या आर्किटेक्ट संस्थेने सुवर्णपदक दिलं, नोव्हेंबर १९९८ मध्ये त्या गेल्या, शेवटची वर्षं हलाखीची. स्वतःच्या कामाचं पुस्तक त्यांनी स्वतःच जुळवलं, पत्रं, कात्रणं, फोटो एकत्र करून. ज्याची नोंद दुसरं कुणी ठेवत नाही त्याने ती स्वतः ठेवावी लागते, आणि ती निघाली तेव्हा वय ऐंशी झालं होतं.

प्रबंधाबद्दल. काम पुरेसं आहे, विषय मात्र आवळा. "जीवन आणि कार्य" असा पसरट विषय घेऊ नका. दोनपैकी एक निवडा. एक, करुणारत्ने घर आणि बावांचं एना डी सिल्वा घर यांचे सेक्शन एकाच स्केलला काढा, शेजारी ठेवा, आणि जमीन, चौक, छप्पर, वारा या चार गोष्टींवर तुलना करा. छापलेले प्लॅन मिळवून पुन्हा हाताने काढा, नुसते स्कॅन चिकटवू नका. काढताना पायरीची उंची कुठे बदलते ते लक्षात येतं. दोन, वाटापुलुवा. तिथे जाता आलं तर मालकांनी गेल्या सहा-सात दशकांत काय वाढवलं, काय पाडलं, हे घराघरांत जाऊन मोजा. ज्या घरात बदल कमी झाले तिथे मूळ प्रश्नावली कामी आली असं म्हणता येईल का, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे आणि त्यावर मराठीत तरी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

श्रीलंकेला जाणं जमत नसेल तर मुंबईपासून सुरुवात करा. 'मार्ग'चे पहिल्या दहा वर्षांचे अंक जुन्या आर्किटेक्चर कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत बघायला मिळण्याची शक्यता चांगली आहे. १९५३ मधला कँडीच्या घरावरचा लेख आधी वाचा, मग त्याच वर्षांतले चंडीगडवरचे लेख. दोन्हीकडे नव्या स्वतंत्र देशाने कसं बांधावं हाच प्रश्न आहे. टिपणं काढताना सिमेंट, कारागीर आणि घरात राहणारी माणसं यांच्याबद्दल प्रत्येक लेखात किती ओळी आहेत ते वेगळ्या रकान्यात मांडा, आणि पहिला मसुदा झाला की पाठवा, मी वाचेन.